उरलेली पै

२०११ सालच्या उन्हाळ्यात अंजूरच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर भाऊबंद जमले होते. मधे चटईवर मी छापून आणलेले दोन कागद होते. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या एका एकराच्या तुकड्याच्या हिश्श्यांची ती यादी. आजोबांना आठ मुलगे आणि दोन मुली. आजी त्यांच्या आधी गेली होती आणि मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. ते गेले तेव्हा सातबारावर फक्त आठ मुलग्यांची नावं लागली, प्रत्येकी दोन आणे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा स्वकष्टार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच असतो. पण ती नावं लागायला पुढची कित्येक वर्षं गेली. ती लागली तेव्हा आठाचे दहा झाले.

पहिल्या कागदावर जुनी नोंद होती : आठ नावं, प्रत्येकी ०.१२५. खाली बेरीज १.०० आणि शेरा, ‘जुळते’. दुसऱ्या कागदावर नवी नोंद होती : दहा नावं, प्रत्येकी ०.१. खाली बेरीज १.०० आणि शेरा, ‘जुळत नाही’.

थोरल्या काकांनी चष्मा लावून दोन्ही कागद मोठ्यानं वाचले. मग म्हणाले, “आठांचं जुळत होतं. दहांचं जुळत नाय. संगणकाला काय कुणाची भीड?”

कुणी काही बोललं नाही. दोघी आत्या आतल्या दाराशी बसल्या होत्या. मी म्हटलं, बेरीज तर बरोबर दिसतेय, शेरा का चुकला ते बघून सांगतो. ते बघायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात थोरल्या आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली होती.

हा लेख त्या शेऱ्याविषयी आहे. एक पूर्णांकाची बेरीज एक पूर्णांकाशी का जुळली नाही, याचा शोध घेताना मी आणे-पैच्या हिशेबापासून आखाती युद्धातल्या क्षेपणास्त्रापर्यंत पोचलो. त्या वाटेवर जे सापडलं ते वाचकांपुढे ठेवतो.

*

अंजूर म्हटलं की इतिहासाच्या वाचकाला गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या घराण्यानं केलेली कामगिरी ‘साष्टीच्या बखरी’मुळे माहीत झालेली आहे. मीही इतिहासाकडे त्याच वाटेनं आलो. कॉलेज अर्धवट सुटलं, भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागलो, आणि रविवारी गावातली जुनी कागदपत्रं गोळा करू लागलो. साष्टी हे नावच मुळी सहासष्ट गावांवरून आलेलं. मोहिमा आणि तहांपेक्षा मला या गावांच्या याद्याच जास्त आवडू लागल्या. कुठलं गाव आधी, कुठलं नंतर, कुणाकडे किती बिघे, कुणाचा सारा किती.

कारखान्यात संगणक आला तेव्हा तो चालवायला कुणी नव्हतं म्हणून मला बसवलं. पुस्तकं वाचून आणि चुका करून जे आलं ते आलं. पुढे तेच ज्ञान मी गावच्या कागदांना लावलं. वंशावळी, फेरफार, गट, हिस्से, सगळं एका डेटाबेसमध्ये भरू लागलो. सुरुवातीला तो छंद होता. पण अंजूरफाट्यापासून आमच्या पंचक्रोशीपर्यंत गोदामं उभी राहिली आणि भातशेतीचा गुंठा सोन्याच्या भावाचा झाला. मग भाऊबंद माझ्याकडे याद्या मागायला येऊ लागले. छंदाच्या वहीला लोक दप्तर समजू लागले, आणि मलाही ते सुखावत होतं हे कबूल केलं पाहिजे.

*

मोठी चूक घडण्याआधी दोन लहान चुका घडल्या होत्या. त्यांतूनच मी शहाणा व्हायला हवा होतो.

पहिली हिस्सा नंबरांची. सर्व्हे नंबर ७ चे पोटहिस्से ७/१, ७/२ असे दहापर्यंत होते. तक्त्यात ७/१० लिहिलं की संगणक त्याची तारीख करून टाकी. म्हणून मी तिरक्या रेघेऐवजी टिंब देऊन ७.१, ७.२ असं लिहू लागलो. त्याबरोबर दहावा हिस्सा नाहीसा झाला. ७.१० आणि ७.१ ही यंत्राच्या लेखी एकच संख्या, त्यामुळे दोन वेगळ्या शेतांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या. मग हिस्सा नंबर अक्षरं म्हणून साठवले. आता १० हा २ च्या आधी येऊ लागला, कारण अक्षरांच्या क्रमात आधी पहिलं चिन्ह पाहिलं जातं आणि १ हा २ च्या आधीचा. शेवटी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर हे दोन वेगळे पूर्णांक केले तेव्हा क्रम लागला. ते टिंब दशांशचिन्ह नव्हतंच. माझ्या डोळ्यांना ते तसं दिसत नव्हतं, यंत्राला दिसत होतं.

दुसरी चूक एकर-गुंठ्यांची. जुन्या कागदात १-३८ म्हणजे एक एकर अडतीस गुंठे. मी ते १.३८ भरलं. त्यात पाच गुंठे मिळवले तर यंत्र १.४३ म्हणे. पण एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे उत्तर दोन एकर तीन गुंठे.

नावांचा क्रमही असाच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष हा तिथे क, हलन्त आणि ष असा तीन चिन्हांचा बनतो, त्यामुळे क्षीरसागर आडनाव यादीच्या शेवटी जाण्याऐवजी क च्या घरात शिरतं. मराठी क्रम हवा असेल तर तो यंत्राला वेगळा शिकवावा लागतो. क्रम हा निसर्गात नसतो, तो कुणीतरी ठरवलेला असतो, एवढं या याद्यांनी मला शिकवलं होतं. बेरीज मात्र निसर्गातली आहे असं मी समजत होतो.

*

आता आण्यांकडे येतो.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. सोळा म्हणजे चार वेळा अर्धं करणं. अर्ध्याचा अर्धा पाव, पावाचा अर्धा दोन आणे, त्याचा अर्धा एक आणा. धान्याचंही तेच. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, मग अच्छेर, पावशेर, नवटाक. आमच्या वडिलांच्या पिढीनं पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली होती. जुन्या जमाखर्चात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सगळंच दुपटीचं होतं असं नाही. जमिनीच्या मापात वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चाहूर होता. पण हिस्सा सांगायचा म्हटलं की मराठी माणूस सोळा आण्यांत सांगे.

इंग्रजांनीही ही सवय मोडली नाही. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत तेहतीस फुटांची साखळी वापरली जाई आणि तिचे भाग सोळा, नाव आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. जमिनीचा कस ठरवतानाही सर्वांत उत्तम प्रतीला सोळा आणे धरून खालच्या प्रती आण्यांत मांडल्या जात.

या पद्धतीआधी एक मोठं अपयश झालं होतं, ते इथे सांगण्यासारखं आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीला रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे भागात पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक किती, खर्च किती, निव्वळ उत्पन्न किती याची लांबलचक गणितं करून त्यावर सारा बसवला. गणितं काटेकोर होती, पण ज्या मोजणीवर आणि माहितीवर ती उभी होती तीच सदोष निघाली. शेतकरी पिचले, जमिनी पडीक पडल्या. पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं सुरुवात केली, ती मोजक्या वर्गांची आणि ढोबळ. तीच टिकली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानं इलाखाभर गेली. दशांशचिन्हापुढचे आकडे वाढले की सत्य वाढतं असं नाही, हा धडा महाराष्ट्राला तेव्हाच मिळाला होता.

आणे-पैही निर्दोष नव्हते. दोन, चार, आठ भाऊ असले की हिशेब चोख. तीन असले तरी चोख, कारण १९२ ला तिनानं भाग जातो : प्रत्येकी पाच आणे चार पै. पण पाच वारस आले की अडचण. १९२ भागिले ५ म्हणजे ३८ पै आणि वर २ उरतात. आमच्या दप्तरात अशी एक जुनी वाटणी आहे. तिघांपुढे तीन आणे दोन पै लिहिलंय, आणि वडीलकीच्या मानानं पहिल्या दोघांपुढे तीन आणे तीन पै. उरलेल्या दोन पै लिहिणाऱ्यानं कुणाला दिल्या ते कागदावर दिसतं. न्याय झाला की नाही यावर भांडता येतं, कारण भांडण कशाचं ते समोर आहे.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैसा नाण्यात नव्हता. म्हणून सरकारी कोष्टक ठरलं : एक आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे, एकदम घेतल्या तर १९. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही त्या एका पैशावर हुज्जत घालू शकत होते, कारण कोष्टक भिंतीवर टांगलेलं होतं.

*

माझ्या यंत्रात कोष्टक कुठे टांगलेलं होतं?

संगणक दोनच अंकांत मोजतो, शून्य आणि एक. त्याच्याकडे दशांश, शतांश अशी घरं नाहीत. अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशी घरं आहेत. एक आणा म्हणजे १/१६, तो तिथे एका घरात तंतोतंत बसतो. दोन आणे म्हणजे १/८, तोही. आमचा पावकी-निमकीवाला कारकून आणि आजचं यंत्र या बाबतीत सख्खे भाऊ आहेत.

पण १/१० त्या घरांत बसत नाही. आपण दशमान पद्धतीत १/३ लिहायला गेलो की ०.३३३३ असं संपतच नाही, तसंच यंत्राला १/१० लिहिताना होतं : शून्य, शून्य, एक, एक, शून्य, शून्य, एक, एक, अखंड. जागा मात्र मोजकी. अशा संख्यांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘डबल’ प्रकारात ५३ द्विमान अंकांची जागा असते. त्यापुढचं यंत्र तोडतं आणि जवळच्या संख्येवर समाधान मानतं. मग दर बेरजेला पुन्हा तेच. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी ताडून पाहिली तर उत्तर ‘नाही’ असं येतं. आणि ०.१ दहा वेळा मिळवले तर उत्तर एक येत नाही, शून्य दशांशचिन्ह आणि पुढे सोळा नऊ असं येतं.

हा सारा उलगडा झाला त्या रात्री मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. आठ भाऊ, प्रत्येकी १/८ : यंत्राला तंतोतंत मांडता येणारा हिस्सा. दोन बहिणी आल्या, हिस्सा १/१० झाला : यंत्राला कधीच तंतोतंत मांडता न येणारा. कागदावर छापताना बेरीज दोन घरांपर्यंत पूर्णांकित होऊन १.०० दिसत होती. शेरा मात्र आतल्या सोळा नवांवरून ठरत होता. एका एकरात हा फरक एका चौरस मायक्रॉनपेक्षाही कमी भरतो. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा जागेसाठी माझ्या यादीनं दोन बायकांवर बोट ठेवलं होतं.

डेटाबेसचा दोष नव्हता. त्याच डेटाबेसमध्ये दशमान संख्या जशाच्या तशा साठवणारा वेगळा प्रकार होता, आणि पैशांसाठी तोच वापरावा असं पुस्तकांत लिहिलेलंही होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

*

माझ्यापेक्षा जाणत्या माणसांच्या हातूनही असंच झालेलं आहे, हे नंतर वाचनात आलं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ च्या जानेवारीत १००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांशापुढचं पूर्णांकित न करता नुसतं तोडलं जात होतं. १९८३ च्या नोव्हेंबरात तो ५२४ च्या आसपास होता. चूक दुरुस्त केली तेव्हा खरा आकडा १०९८ निघाला. बाजार चढत होता आणि निर्देशांक पडत होता.

२५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणाऱ्या इराकी स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही. अठ्ठावीस सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होतं आणि तो १/१० चोवीस द्विमान अंकांत तोडलेला होता. सलग शंभर तास चालल्यावर चूक साचून सेकंदाच्या एक तृतीयांश एवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातं. सुधारलेला प्रोग्राम दाहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी.

तो दुसरा दिवस वाचताना मला आत्याची सही आठवली. तुलना करावी अशा या दोन गोष्टी नव्हेत, हे मला कळतं. तरी आठवली.

अपूर्णांक यंत्रात कसे ठेवायचे याबद्दल पूर्वी प्रत्येक कंपनीचा आपला वेगळा कायदा होता. एकच गणित दोन यंत्रांवर दोन उत्तरं देई. १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आलं तेव्हा तो गोंधळ आवरला. त्यामागे बर्कलीच्या विल्यम काहान यांचा मोठा वाटा होता. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २००८ च्या सुधारित आवृत्तीत दशमान अपूर्णांकांनाही जागा मिळाली. या मानकानं ‘संख्या नाही’ असं एक विशेष मूल्यही ठरवून दिलं. शून्याला शून्यानं भागलं की ते येतं, आणि ते स्वतःशीसुद्धा समान नसतं. गणितज्ञाला हे चालतं. पण यादी क्रमानं लावणाऱ्यानं जे स्वतःशीच समान नाही त्याला कुठे बसवायचं? पोस्टग्रेस या डेटाबेसनं ठरवून टाकलं की अशी सगळी मूल्यं एकमेकांशी समान आणि सर्व संख्यांहून मोठी धरायची. पुन्हा तेच : क्रम कुणीतरी ठरवावा लागतो.

*

चूक कळल्यावर मी जी दुरुस्ती केली तीही चुकली. ती सांगायला हवी, कारण अनेकजण तिथेच थांबतात.

मी प्रोग्रामला सांगितलं, थोडा फरक असला तर समान समज. एकर-गुंठ्यांचे आर करताना होणारी गोळाबेरीजही त्यात सामावावी म्हणून मी गुंठ्याच्या पाच शतांशांपर्यंत सूट दिली. ‘जुळत नाही’चे शेरे नाहीसे झाले. मग एक यादी काढली : खातेदार क्षेत्राच्या उतरत्या क्रमानं, आणि क्षेत्र समान असेल तर वडीलकीनं. ही यादी दर वेळी वेगळी येऊ लागली. आज एक नाव वर, उद्या दुसरं.

कारण कळायला एक उदाहरण पुरेल. थोरल्याचे दहा गुंठे, मधल्याचे १०.०४, धाकट्याचे १०.०८. थोरला आणि मधला सूट धरता समान, म्हणून थोरला आधी. मधला आणि धाकटा समान, म्हणून मधला आधी. पण धाकटा आणि थोरला यांच्यात आठ शतांशांचा फरक, तो सुटीत बसत नाही, म्हणून धाकटा आधी. थोरला मधल्याच्या वर, मधला धाकट्याच्या वर आणि धाकटा थोरल्याच्या वर! या वर्तुळाला सुरुवात नाही. यंत्रापुढे नावं ज्या क्रमानं येतील त्यावर यादी ठरत होती.

जवळपास समान असणं हे समान असण्यासारखं साखळीनं पुढे नेता येत नाही. अ हा ब सारखा आणि ब हा क सारखा, म्हणून अ हा क सारखा, हे खऱ्या समानतेतच चालतं. शिवाय माझे पाच शतांश म्हणजे नऊ फूट गुणिले सहा फूट जागा होती. आमच्याकडे आता तेवढ्या जागेचंही भाडं येतं. ती कुणाच्या परवानगीनं मी माफ केली होती?

शेवटी उत्तर शाळेतलंच निघालं. हिस्सा दशांशात लिहायचाच नाही. अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवायचे. मिळवायचे किंवा ताडायचे तर आधी छेद समान करायचे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त अपूर्णांकांचं प्रकरण याच समच्छेदापासून सुरू होतं. क्षेत्र चौरस मीटरच्या पूर्णांकात ठेवायचं. पूर्णांकांची बेरीज यंत्र चुकवत नाही. आणि भागून जे उरेल ते लपवायचं नाही. त्याच्यासाठी वेगळा रकाना.

*

एक एकर म्हणजे आजच्या सातबाराच्या भाषेत ४० आर ४७ चौरस मीटर, एकूण ४०४७. दहा जणांत प्रत्येकी ४०४, उरलेले ७. नव्या प्रोग्रामनं काढलेल्या पहिल्या कागदावर दहा नावं होती, प्रत्येकापुढे १/१०, खाली १०/१०, ‘जुळते’, आणि शेवटच्या रकान्यात ‘उरलेले : ७ चौ. मी.’

तो कागद घेऊन मी थोरल्या आत्याच्या सासरी गेलो. सगळं समजावून सांगितलं, द्विमान अंकांसकट. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मी म्हटलं, “आत्या, चूक माझ्या प्रोग्रामची होती. तुझ्या नावामुळे काही बिघडलं नव्हतं.”

ती म्हणाली, “ते मला ठावं होतं रे. तुझा कागद नसता तर दुसरं काही निघालं असतं. सही मी कागदासाठी नाय केली. भाऊबीजेला जायला घर राहावं म्हणून केली.”

मी म्हटलं, तरी माझा कागद त्या दिवशी नसता तर बरं झालं असतं. त्यावर ती काही बोलली नाही.

नोंदवलेलं हक्कसोडपत्र एका भाच्याच्या पश्चात्तापानं रद्द होत नाही. तिचा हिस्सा आठ भावांना गेला. धाकट्या आत्यानं सही केली नाही, आणि पुढे कुणी तिला तसं म्हटलंही नाही, कारण मी दोन्ही कागद घेऊन परत ओटीवर बसलो आणि चूक कशी झाली ते सर्वांसमोर सांगितलं. थोरले काका शेवटी एवढंच म्हणाले की मग हा शेरा आधी छापायचाच नव्हता. ते खरं आहे.

आज त्या तुकड्याची यादी अशी येते : आठ भावांच्या शाखा प्रत्येकी ९/८०, धाकटी आत्या ८/८०, बेरीज ८०/८०, उरलेले ३ चौरस मीटर. तंतोतंत जुळते. बहिणीच्या वाट्याला एक ऐंशीअंश कमी का, हे त्या यादीत कुठे लिहिलेलं नाही. ते इथे लिहून ठेवतो.

दहा नावांचा तो कागद थोरल्या आत्यानं ठेवून घेतला. वाचता येत नसल्यानं आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तिनं मला बोटानं दाखवायला लावलं. मग घडी घालून कनवटीच्या बटव्यात ठेवला आणि तांदळाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.